तिसगावचा पाऊस आणि दूरदेशीची धूळ : पर्वतीय हिमाच्या रसायनाच्या अनुषंगाने एक विवेचन

उंच पर्वतावर पडणारे हिम आणि पठारावर पडणारा पाऊस ही दिसावयास भिन्न असली, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती एकाच कुळातील होत. दोहोंतही वातावरणातील बाष्प घनीभूत होऊन खाली येते आणि येताना हवेतील वायू, क्षार व धूलिकण आपल्याबरोबर आणते. भेद आहे तो नोंद टिकण्याचा. हिमालयातील हिम थरावर थर साचून राहते व त्यातील घटक वर्षानुवर्षे जपून ठेवते. दख्खनच्या पठारावरील पाऊस मात्र जमिनीत मुरतो किंवा ओढ्याने वाहून जातो, आणि नमुना वेळीच धरून ठेवला नाही तर त्याची नोंद कायमची नाहीशी होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. समुद्रकिनाऱ्यापासून ते सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, आणि सह्याद्रीच्या माथ्यापासून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक पूर्वेस आहे. वर्षाचा पाऊस साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटर, उन्हाळा दीर्घ, आणि नांगरून उघड्या पडलेल्या रानांवरून उठणारी धूळ विपुल, अशी येथील स्थिती आहे. अशा ठिकाणी पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आढळले तर त्यात नवल नाही. खरा प्रश्न असा की, ते शेजारच्या शेतातले किती, समुद्रातले किती, आणि थरच्या वाळवंटातून किंवा अरबस्तानातून आलेले किती? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या धुळीचा हिशेब न मांडता केवळ पीएच मूल्य पाहून पाऊस ‘निर्दोष’ ठरविणे कितपत योग्य आहे?

धुळीचा प्रवास

वारा धूळ दूरवर नेतो, हे ज्ञान नवे नव्हे. १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जाताना चार्ल्स डार्विन याने केप व्हर्द बेटांजवळ जहाजावर पडणारी बारीक धूळ गोळा केली होती, आणि १८४६ मध्ये अटलांटिकवरील अशा धुळीविषयी त्याने स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. १९६५ पासून वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर सहारातून समुद्रापार येणाऱ्या धुळीचे पद्धतशीर मापन सुरू झाले. त्यामुळे सहस्रावधी किलोमीटरांचा हा प्रवास नेहमीची घटना आहे, हे निर्विवादपणे सिद्ध झाले.

या प्रवासाची शक्यता कणाच्या आकारावर अवलंबून असते. लहान गोलाकार कणाचा हवेतील पतनवेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा स्टोक्सचा नियम परिचित आहे. खनिज धुळीची घनता पाण्याच्या २.६५ पट धरल्यास ५० मायक्रोमीटर व्यासाचा कण सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर, १० मायक्रोमीटरचा कण सुमारे ०.८ सेंटीमीटर, आणि २ मायक्रोमीटरचा कण जेमतेम ०.०३ सेंटीमीटर वेगाने खाली येतो. हे कण ३ किलोमीटर उंचीवर उचलले गेले असे मानल्यास पहिला सुमारे चार तासांत जमिनीवर येईल, दुसऱ्यास चार दिवसांहून अधिक काळ लागेल, आणि तिसऱ्यास शंभर दिवसही पुरणार नाहीत. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याबरोबर पहिल्याचा प्रवास सुमारे १५० किलोमीटरांत संपेल. दुसरा मात्र ३,५०० किलोमीटरांहून पुढे जाऊ शकेल. मस्कत ते मुंबई हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर आहे. तेव्हा अरबी समुद्र ओलांडणे १० मायक्रोमीटरच्या कणासही अवघड नाही. तिसऱ्या प्रकारचा कण तर स्वतःच्या भाराने क्वचितच खाली येतो. त्यास खाली आणण्याचे काम बहुधा पाऊस किंवा हिमच करते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. मार्च २०१२ च्या तिसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य आशियात उठलेली प्रचंड धूळ अरबी समुद्रावर पसरली. ती उपग्रहांच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसली आणि मुंबईची दृश्यमानता तिने कमी केली. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई व पुणे येथील आकाश धूसर केले, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या वाहनांवर पांढुरक्या भुकटीचा थर साचला. दख्खनची माती काळी किंवा तांबूस असते. ही भुकटी पांढुरकी होती. रासायनिक पृथक्करणापूर्वीच केवळ रंगावरून तिचे परकेपण ध्यानात येण्यासारखे होते.

पावसाळ्यातील स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून सोमालियाच्या बाजूने येणारा जोराचा नैर्ऋत्य प्रवाह समुद्राची वाफ व मीठ आणतो. त्याच वेळी अरबस्तानावरून वायव्येचा ‘शमाल’ वारा धूळ उचलतो आणि ती या दमट थराच्या वरून पूर्वेकडे सरकते. ढग उंच वाढले की दोन्ही थरांतील द्रव्ये एकाच थेंबात एकत्र येतात. त्यामुळे पावसाच्या नमुन्यात मीठ सापडले म्हणून धूळ नसेल, किंवा धूळ सापडली म्हणून ती स्थानिकच असेल, असा तर्क करता येत नाही.

मेघातील ग्रहण आणि मेघाखालील प्रक्षालन

धूळ पाण्यात दोन वाटांनी शिरते. ढग तयार होत असताना कण मेघबिंदूत किंवा हिमस्फटिकात सामावला जातो, ही पहिली वाट. येथे कण वरच्या हवेतला, म्हणजे बहुधा दूरचा असतो. थेंब खाली पडत असताना वाटेतील हवा धुऊन काढतो, ही दुसरी वाट. येथे गावच्या रस्त्यांची व रानांची धूळ प्रामुख्याने सापडते. म्हणून एकाच सरीचे पाणी क्रमाने वेगवेगळ्या बाटल्यांत धरले, तर पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसात क्षारांचे प्रमाण सर्वाधिक आढळते व पुढे ते झपाट्याने उतरते. उतरून जेथे ते स्थिरावते, ती पातळी ढगातील रसायनाची अधिक निकटची निदर्शक होय.

पर्वतावरील नमुन्यांचे महत्त्व यातच आहे. शिखर ढगातच असले तर मेघाखालील प्रक्षालनाचा भाग जवळजवळ उरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (स्थापना १९६२) पुणे शहराबरोबर सिंहगडावरील पावसाचेही पृथक्करण केले, आणि २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे उच्चस्थ मेघ-भौतिकी प्रयोगशाळा उभारली, त्यामागे हीच दृष्टी आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र सुरू केले. हिमनद्यांच्या अभ्यासासाठी समुद्रकाठची ही संस्था हिमालयात गेली, ही गोष्ट या विषयाची व्याप्ती दाखविण्यास पुरेशी आहे.

तिसगावास हिम पडत नाही; परंतु गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील महाराष्ट्रव्यापी गारपिटीची आठवण शेतकरी विसरलेले नाहीत. गार म्हणजे मेघातील पाण्याचा गोठलेला, थरांचा गोळा होय. ती ताबडतोब उचलून, वरचा मळका थर शुद्ध पाण्याने धुऊन मग वितळविली, तर मेघातील ग्रहणाचा जवळजवळ निर्भेळ नमुना मिळू शकतो. पठारावर हिमाच्या सर्वांत निकट जाणारे द्रव्य तेच.

पीएच : शिल्लक, उलाढाल नव्हे

हवेतील कार्बन डायॉक्साइडशी समतोलात असलेल्या शुद्ध पाण्याचे पीएच मूल्य सुमारे ५.६ असते. पर्जन्यजल याहून खाली गेले की त्यास आम्लधर्मी व वर राहिले की अल्कधर्मी म्हणण्याचा प्रघात आहे. युरोपात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यांचा ‘एअर अँड रेन’ हा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील प्रश्न कोळशाच्या धुराने आम्ल झालेल्या पावसाचा होता. भारतात मात्र मुंबईच्या चेंबूर-तुर्भे यांसारखे औद्योगिक परिसर वगळता बहुतेक ठिकाणी पाऊस अल्कधर्मी आढळला, आणि त्याचे कारण धूळ हे होय. चुनखडीयुक्त धूळ आम्लाशी संयोग पावते. कॅल्शियम कार्बोनेट व सल्फ्युरिक आम्ल यांपासून कॅल्शियम सल्फेट, पाणी व कार्बन डायॉक्साइड तयार होतात, आणि आम्लता नाहीशी होते. पाळीव जनावरे व खते यांपासून उठणारा अमोनियाही याच कामी हातभार लावतो. पुढील हिशेब सोपा व्हावा म्हणून तो बाजूस ठेवला आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक लिटर पर्जन्यजलात सल्फ्युरिक आम्लाचे ६० व नायट्रिक आम्लाचे २० मायक्रोसममूल्य आहेत असे माना. धूळ मुळीच नसेल तर या ८० मायक्रोसममूल्य आम्लामुळे पीएच सुमारे ४.१ येईल, हा पाऊस उघडपणे आम्ल होय. आता त्याच पाण्यात १०० मायक्रोसममूल्य, म्हणजे केवळ ५ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट विरघळले असे समजा. सर्व आम्ल निष्प्रभ होऊन २० मायक्रोसममूल्य बायकार्बोनेट शिल्लक राहील आणि पीएच सुमारे ६.५ होईल. हवेतील आम्ल तितकेच आहे, सल्फेट तितकेच जमिनीवर पडले आहे; केवळ निर्देशांक बदलला आहे.

याच उदाहरणात कार्बोनेट एक-चतुर्थांशाने घटून ७५ मायक्रोसममूल्यावर आले, तर आम्लाचे पारडे ५ मायक्रोसममूल्यांनी जड होते आणि पीएच सुमारे ५.२ पर्यंत उतरतो. धूळ शंभरातून पंचवीस घटली, आणि पाऊस अल्कधर्मीचा आम्लधर्मी झाला; आम्लात कणभरही वाढ झालेली नाही. सावकाराच्या वहीत अखेरची शिल्लक पाहून वर्षाची उलाढाल कळत नाही, तसेच हे आहे. पीएच ही दोन मोठ्या राशींमधील वजाबाकी असून ती राशींचे आकारमान सांगत नाही.

या मुद्द्याचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. पुण्यातील १९८४ ते २००२ या काळातील नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या पृथक्करणांत पाऊस अल्कधर्मीच राहिला, तरी पीएच मूल्य उतरत गेल्याचे आढळले. रस्ते फरसबंद झाले, पडीक जमिनींवर झाडोरा वाढला, दूरच्या वाळवंटातील वाऱ्यांचे मान बदलले, तर धुळीचे प्रमाण घटू शकते. धूळ घटणे आरोग्यास हितकरही आहे. परंतु कोळसा व तेल यांच्या ज्वलनातून येणारे गंधकाचे व नायट्रोजनाचे ऑक्साइड त्याच वेळी आटोक्यात आले नाहीत, तर आजवर धुळीने झाकून ठेवलेली आम्लता उघडी पडेल. म्हणून धुळीचा उगम ओळखणे हे पावसाचे भवितव्य वर्तविण्याचे साधन ठरते.

उगमाची ओळख

पहिली पायरी समुद्राचा वाटा वजा करण्याची. अंतर्भागातील सोडियम मुख्यत्वे समुद्रातून आले असे गृहीत धरून, समुद्रजलातील ठरीव गुणोत्तरांनी इतर आयनांचा सागरी अंश काढतात. सममूल्यांच्या हिशेबात समुद्रजलात सोडियमच्या एका भागामागे क्लोराइड १.१६, मॅग्नेशियम ०.२३, सल्फेट ०.१२ व कॅल्शियम ०.०४४ भाग असते. वरील पाण्यात सोडियम ५० मायक्रोसममूल्य असेल, तर सागरी कॅल्शियम केवळ २.२ निघेल. शंभरातील उरलेले सुमारे ९८ भाग मातीचे मानावे लागतील. सागरी सल्फेट ६ निघेल. तेव्हा आम्लापासून आलेले ६० सल्फेट धरण्यासाठी मापनात एकूण ६६ आले पाहिजे. वाळवंटी धुळीत जिप्सम असल्यास त्याचे सल्फेट आम्लावाचूनच येते, ही सूटही ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी पायरी कठीण आहे. कारण कॅल्शियम एकटे काहीच सांगत नाही. तिसगावच्या परिसरातील काळ्या व चुनखडयुक्त जमिनीत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. थर व अरबस्तान येथील धूळही कार्बोनेटयुक्तच असते. दोन्हींची साक्ष सारखी असेल तर निवाडा होणार कसा?

येथे दख्खनची भूरचना साहाय्यास येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. या खडकात टायटॅनियम डायॉक्साइड सामान्यतः २ ते ३ टक्के असते व पोटॅशियम ऑक्साइड बहुधा एका टक्क्याहूनही कमी. पृथ्वीच्या खंडीय कवचाच्या वरच्या भागाची सरासरी याच्या अगदी उलट आहे : टायटॅनियम डायॉक्साइड सुमारे ०.६ टक्के आणि पोटॅशियम ऑक्साइड सुमारे २.८ टक्के. खडक कुजून माती होताना टायटॅनियम मागे राहते व पोटॅशियम निघून जाते. त्यामुळे हा भेद मातीत अधिकच ठळक होतो. म्हणजे पावसातून गाळलेल्या अविद्राव्य अवशेषात टायटॅनियमच्या मानाने पोटॅशियम वाढलेले आढळले, तर धूळ बेसाल्टच्या प्रदेशाबाहेरची असल्याचा तो सबळ पुरावा ठरतो. हे मापन अविद्राव्य भागातच केले पाहिजे. विद्राव्य पोटॅशियम उसाचे पाचट जाळण्यातून किंवा खतांतूनही येते व निष्कर्ष बिघडविते.

खनिजांची साक्ष याला दुजोरा देते. बेसाल्टच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट वर्गाची मृद्-खनिजे प्राबल्याने असतात. वाळवंटी धुळीत इलाइट, डोलोमाइट, आणि अरबस्तानच्या बाबतीत विशेषेकरून पॅलिगोर्स्काइट आढळते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मूळचे क्वार्ट्झ जवळजवळ नसते. पोकळ्यांत मागाहून भरलेल्या गारगोटी व अकीक यांपुरतेच ते मर्यादित आहे. म्हणून काही मायक्रोमीटर आकाराच्या क्वार्ट्झ कणांचे लक्षणीय प्रमाण हेही परकेपणाचे चिन्ह होय.

या बाबतीत पठार हे पर्वतापेक्षा सोयीचे ठरते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हिमालयात ग्रॅनाइट, नीस, चुनखडक, शिस्ट असे नाना जातींचे खडक जवळजवळ उघडे पडलेले असल्याने हिमातील धूळ शेजारच्या कड्याची की थरच्या वाळवंटाची, हे ठरविणे जिकिरीचे जाते. तिसगावभोवती शेकडो किलोमीटर एकाच जातीचा खडक पसरला आहे. पार्श्वभूमी एकरंगी असली की तिच्यावरचा परका ठिपका चटकन दिसतो.

हिमाची नोंद व तिच्या मर्यादा

हिमाचे श्रेष्ठत्व कालक्रमात आहे. हिवाळ्यातील स्वच्छ थर व उन्हाळ्यापूर्वीचा धुळीचा थर आलटून पालटून येत असल्याने थरांवरून वर्षे मोजता येतात. परंतु धूळ ही हिमात निष्क्रिय पाहुणी नसते. ताजे हिम त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. धुळीने मळलेले हिम त्याहून बराच अधिक प्रकाश शोषते व लवकर वितळते. शिवाय वितळणीच्या प्रारंभीच विद्राव्य क्षार मोठ्या प्रमाणात वाहून जातात : पहिल्या सुमारे एक-तृतीयांश पाण्याबरोबर निम्म्याहून अधिक क्षार निघून गेल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून एकदा अंशतः वितळलेल्या हिमातील आयनांचे प्रमाण हे मूळ पर्जन्याचे प्रमाण नव्हे. राजस्थानातून हिमालयाकडे जाणारी धूळ आणि अरबस्तानातून दख्खनकडे येणारी धूळ यांचा तौलनिक अभ्यास करावयाचा, तर हिमाचा कालक्रम आणि पठाराची स्वच्छ पार्श्वभूमी ही एकमेकांस पूरक मानली पाहिजेत.

नमुना घेण्यातील दक्षता

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पार्श्वभूमी-प्रदूषण निरीक्षणाच्या दहा केंद्रांत महाराष्ट्रातील पुणे व नागपूर यांचा समावेश होता. ही जाळी विरळ असल्याने तिसगावसारख्या पर्जन्यछायेतील ठिकाणी महाविद्यालयीन पातळीवरही उपयुक्त काम होऊ शकते. मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. नळकांडे पाऊस सुरू होताच उघडावे व थांबताच झाकावे. सतत उघड्या भांड्यात कोरडी धूळ साचून तिला पावसाचे श्रेय मिळते. पाणी त्याच दिवशी गाळावे, कारण बाटलीत राहिलेली धूळ विरघळत राहते आणि आठवड्याने मोजलेला पीएच सरीचा नसून बाटलीचा असतो. धन व ऋण आयनांची बेरीज ताडून पाहावी. बायकार्बोनेट विसरले गेल्यास ती जुळणार नाही. आणि प्रत्येक नमुन्यासोबत पावसाची उंची नोंदवावी, कारण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वरील उदाहरणातील ५ मिलिग्रॅम कार्बोनेट ५५० मिलिमीटर पावसाशी गुणले, तर हेक्टरी वर्षाला सुमारे साडेसत्तावीस किलोग्रॅम कार्बोनेट होते, आणि त्याच हिशेबाने सल्फेटमधून हेक्टरी सुमारे सव्वापाच किलोग्रॅम गंधक जमिनीस मिळते. मृदाशास्त्रज्ञास हे आकडे पीएचपेक्षा अधिक बोलके वाटतील.

एकूण विवेचनाचा अर्थ असा की, पर्जन्यजलाचे पीएच मूल्य हे प्रश्नाचे उत्तर नसून प्रश्नाचा आरंभ आहे. आम्ल किती आले, ते कोणी शमविले, आणि शमविणारी धूळ गावची की परदेशची, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या जातील तेव्हाच एखाद्या गावचा पाऊस निर्मळ आहे की केवळ समतोल राखून आहे, हे सांगता येईल. हा समतोल ज्या धुळीवर उभा आहे तिचा काही भाग समुद्रापलीकडच्या वाऱ्यांच्या स्वाधीन आहे. आम्लाचा मोठा भाग मात्र माणसाच्या स्वाधीन आहे.